टोक पाण्याला टेकू नये

मंगरूळपीर, जि. अकोला
४ डिसेंबर १९७७

प्रिय उदय,
सप्रेम जयभीम.

तुझं दिवाळीचं पत्र महिनाभर टेबलावर पडून आहे. रोज त्याच्याकडे पाहतो आणि मान खाली घालतो. आज लिहायला बसलो तोही कामापुरता मामा म्हणून, हे आधीच कबूल करून टाकतो.

काम तुझ्या धंद्यातलंच आहे. चार वर्षांपूर्वी वच्छलाचं तिसरं बाळंतपण फुकट गेलं, तेव्हा तू बिस्किटांच्या डब्यात पाणी भरून तीन सोनेरी मासे मुंबईहून आणलेस. आगगाडीत रात्रभर डबा मांडीवर धरून बसला होतास. ते तिघंही अजून ठणठणीत आहेत. कपाळावर पांढरा ठिपका असलेली टिकली, खाऊन खाऊन फुगलेला गबरू, आणि तिसरी. तिसरीचं नाव वच्छलानं 'आत्याबाई' ठेवलंय, आईला ती मारते तीच हाक, कारण ती दिवसभर तोंड हलवत पुटपुटत असते. हे आईला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद आहे.

अडचण पाण्याची. दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून ताजं भरावं लागतं. ते आजवर वच्छला करत आली, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आता जानेवारीत मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नागपूरला जायचंय, दोनेक महिने तरी. वच्छलाही सोबत येते म्हणते. घरी आई एकटी. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, बादल्या उचलणं तिला व्हायचं नाही. आणि झालं तरी ती करील का, ही शंकाच आहे. कालच मला म्हणाली, "खाच्या मासोळ्या पोसून राह्यले, अन् मले म्हनता पानी जपून वापर."

तू सरकारी मत्स्यालयात इतकी वर्षं आहेस. पाणी आपलं आपण बदलत राहील अशी काही युक्ती सांग. फार खटाटोपाची नको. आमच्याकडे वीज कधी असते, कधी नसते.

तुझा
माणिक


मुंबई
१३ डिसेंबर १९७७

प्रिय माणिक,
जयभीम आणि रामराम.

मास्तर, आळसाला यंत्र सुचतं म्हणतात ते खोटं नाही. वसतिगृहात असताना स्वतःची थाळी धुवायला लागू नये म्हणून तू माझ्याच थाळीत जेवायचास. आमच्या तांड्यावरची माय तुला पाहून म्हणाली होती, हा पोरगा लय शिकन, याले कामच येत नाई. म्हातारीचं बोलणं खरं झालं.

युक्ती सोपी आहे, वीज लागत नाही. टाकीच्या बाजूला उंच तिवईवर पाण्याचा मटका ठेव. त्यातून एक रबरी नळी टाकीकडे आण. नळीला चिमटा लाव आणि तो इतका आवळ की मिनिटाला सत्तर-ऐंशी थेंब पडतील. दिवसभरात पाच-सहा लिटर ताजं पाणी टाकीत जाईल, माशांना कळणारसुद्धा नाही. तुमचं पाणी विहिरीचं, इथल्यासारखं औषध घातलेलं नाही, तेव्हा ती काळजी नाही.

जेवढं आत येईल तेवढं बाहेर जायला हवं. त्यासाठी टाकीच्या बाहेरून एक रुंद तोंडाची शिशी बांध, तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला. दुसऱ्या नळीचं एक टोक टाकीत, एक शिशीच्या तळाशी. तोंडानं ओढून ती नळी पाण्यानं भरून घे. टाकीतलं पाणी जरा वाढलं की शिशी भरून सांडेल, सांडलेलं खालच्या बादलीत. आतल्या टोकाला मलमलचं फडकं बांध, नाहीतर गबरूची शेपटी अडकायची.

एकच गोष्ट नीट ध्यानात ठेव. मटक्याच्या नळीचं टोक टाकीतल्या पाण्याला टेकू नये. चार बोटं वर राहू दे, थेंब वरूनच पडला पाहिजे. टोक बुडालेलं असलं आणि कोणी मटका उचलून खाली ठेवला, तर पाणी उलटं फिरेल आणि टाकीच मटक्यात रिकामी होईल. आमच्याकडे एका नव्या माणसानं असं करून पाऊण हौद कोरडा केला होता. तू विज्ञानाचा मास्तर, तुला आणखी काय सांगायचं?

तुझ्या पत्राच्या शेवटी वहिनींच्या दोन ओळी नव्हत्या. नेहमी असतात. रुसल्या का?

तुझा
उदयसिंग


मंगरूळपीर
८ जानेवारी १९७८

प्रिय उदय,
सप्रेम जयभीम.

यंत्र चालू झालं. सुताराकडून तिवई करून घेतली. मटका घरचाच. नळीची मात्र पंचाईत होती, ती दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सोडवली. सलाईनची जुनी नळी दिली, चिमट्यासकट. त्या चिमट्यानं थेंब असा मोजून पडतो की काय सांगू. बाहेरची शिशीही ठीक सांडते. बादलीतलं पाणी आई अंगणातल्या लिंबाला घालते. तेवढा एक भाग तिला पटला आहे.

बाकी यंत्र तिला आवडलेलं दिसत नाही. पहिल्या दिवशी चालू केलं तेव्हा ती टाकीसमोर पाटावर बसली आणि कितीतरी वेळ नुसती पडणाऱ्या थेंबाकडे पाहत राहिली. मग विचारलं, "वरूनच काहून?" मी घाईत होतो. म्हटलं, वरूनच पडू द्यायचं, टोक पाण्याला टेकू द्यायचं नाही, नियम आहे तसा. ती पुन्हा म्हणाली, "पन काहून?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तू फक्त मटका भर, बाकी कशाला हात लावू नको. ती उठून चुलीकडे गेली. तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. ज्या घरात माणसांना पाणी शेंदून आणावं लागतं तिथे माशांचे एवढे लाड, हे तिला खपत नसणार. म्हातारं माणूस, सोडून दे झालं.

परवा आम्ही निघतो. मटका उंचावर भरायला आईला त्रास होईल, पण तांब्यातांब्यानं भरता येतो. वच्छलानं आज टिकलीशी बराच वेळ गप्पा मारल्या.

माणिक


मुंबई
१७ जानेवारी १९७८

माणिक,

हे पत्र तुझ्या मंगरूळच्या पत्त्यावर टाकतोय, कारण नागपूरचा पत्ता तू दिलाच नाहीस. आई पुढे पाठवतील अशी आशा करतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रशिक्षण दोन महिन्यांचं कधीपासून असायला लागलं? सलाईनची नळी कंपाउंडर कोणालाही वाटत फिरतो का? आणि वहिनींच्या दोन ओळी याही वेळी नाहीत. चार वर्षांत असं एकदाही झालं नाही. एकदा तुम्ही दोघं भांडला होतात, तेव्हाही त्यांनी लिहिलं होतं, "भाऊजी, यांच्या पत्रातलं काही खरं मानू नका."

नळी कोणाची होती ते सांग. खोटं बोलू नकोस, तुला ते पहिल्यापासून जमत नाही.

उदयसिंग


नागपूर
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय उदय,

नळी वच्छलाची होती. नोव्हेंबरात तिला मंगरूळच्या सरकारी दवाखान्यात नऊ दिवस सलाईन लावलं होतं. पोटात गाठ आहे, गर्भाशयाची. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. प्रशिक्षण वगैरे काही नाही, मी बिनपगारी रजेवर आहे. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटायचं. यापेक्षा शहाणं कारण माझ्याकडे नाही.

इथे रोज किरणांचा शेक देतात, शिरेतून जहाल औषधंही. तिचे केस गेले, अन्न जात नाही. तिच्याजवळ मी असतो, कधी तिची बहीण भागिरथा येते. वच्छला दुसरं काही विचारत नाही. शाळा नाही, घर नाही. सकाळी डोळे उघडले की, "तीन आहेत ना?" मी म्हणतो, तीन आहेत. "पाणी नितळ आहे ना?" म्हणतो, तुझ्या भाऊजींचं यंत्र आहे, नितळच असणार. मग ती हसते. त्या हसण्यासाठी मी दिवसभर थांबून असतो.

मागच्या आठवड्यात आई भेटायला आली होती. गुडघ्यांनिशी यष्टीत बसून एकटी आली, दोन दिवस राहिली. वच्छलानं तिलाही तेच विचारलं. आई म्हणाली, "खुशाल हायेत पोरी. पोटभर पानी पेऊन राह्यले." वच्छला तिचा हात धरून झोपी गेली. आईला मासे आवडत नाहीत म्हणून मी उगाच मनात धरून होतो, याची मला लाज वाटली.

काल डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मार्चच्या मध्यानंतर घरी घेऊन जा. बरी झाली म्हणून नव्हे. वच्छलाला मी एवढंच सांगितलं की घरी जायचंय. ती म्हणाली, खाट टाकीजवळ टाका.

माणिक


मंगरूळपीर
५ मार्च १९७८

उदय,

दोन दिवसांसाठी घर आवरायला आलो. वच्छलापाशी भागिरथा आहे.

टाकी तशीच आहे. मटका तिवईवर, थेंब मोजून पडतोय, टोक पाण्याच्या चार बोटं वर, शिशी सांडतेय, खाली बादली. पाणी काचेसारखं नितळ. आणि टाकीत एकही मासा नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, मेले. केव्हा? "मी नागपूरहून परतली तवा." म्हणजे एक महिना झाला. महिनाभर ही बाई रिकाम्या टाकीत तांब्यातांब्यानं पाणी भरतेय. पोस्टमनच्या हातून मला कार्ड लिहून पाठवलं की मासे खुशाल. कसे मेले? म्हणाली, "म्या नळी टेकवली. मटका खाली ठेवून गेली. आली तं घरभर पानी."

मी तिला बोललो, उदय. जन्मात बोललो नव्हतो असं बोललो. म्हटलं, एक साधी गोष्ट सांगितली होती, एवढीही पाळता आली नाही? तुझ्या डोळ्यांत ते मासे पहिल्यापासून सलत होते, म्हटलं. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली. 

वच्छलाला वीस तारखेला आणतोय. खाट टाकीजवळ टाकायची आहे. तिला मी काय दाखवू? तिच्याजवळ राहिलेल्या दिवसांत मला तिला एवढंच द्यायचं होतं. तू तिकडून तीन मासे कोणाबरोबर पाठवू शकशील का? एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका हवा. गबरू पोटानं मोठा होता. तिसरी साधी. वच्छलाच्या नजरेला आता जरा कमी दिसतं, असं मी मनाला सांगतोय.

माणिक


मुंबई
९ मार्च १९७८

प्रिय माणिक,

कोणाबरोबर कशाला, मीच येतो. सोळा तारखेला अकोल्याला उतरून पहिल्या यष्टीनं मंगरूळला पोचतो. वहिनींना भेटून जाईन. पाच दिवसांची रजा टाकली आहे.

ठिपक्याचा मासा तीन ठिकाणी शोधला. एक मिळाला, पण ठिपका अगदी मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे. आपल्या टिकलीचा कुठे होता ते मला आठवत नाही. तूही लिहिलं नाहीस.

आईंवर ओरडलास ते वाईट केलंस. घरात कोणी नसताना पडू नये म्हणून त्यांनी मटका खाली ठेवला असेल, पण नळी मुद्दाम टेकवली का, हे तू विचारलंस? टोक बुडवलं की काय होतं, हे मी तुला लिहिलं होतं. तू त्यांना सांगितलं होतंस?

उदयसिंग


मंगरूळपीर
३० एप्रिल १९७८

(आई सांगते आहे, मी लिहितो आहे. एकही शब्द बदलायचा नाही, असं तिनं बजावलं आहे. माणिक.)

उदयसिंग बाबू, केशरबाईचा जयभीम.

तुहं पत्र भेटलं. माणिकनं वाचून दाखवलं. तू लिवलं का वच्छला भाग्याची, आपलेच मासे हायेत असं समजून गेली. बाबू, थे खरं नाई. तू येवढ्या दुरून आला, तुले खोट्यात ठेवनं मले बरं नाई वाटत. लिवनारा माणिकच हाये. पोस्टमनले हे कसं सांगाचं? त्यानंबी आयकावं.

तिनं पयल्याच दिशी ओळखलं. तू अन् माणिक दवाई आनाले गेलते. मले म्हने, "आत्याबाई, टिकलीचा ठिपका डाव्या आंगाले होता. हे आपले नोहेत." म्या मान खाली घातली. मंग तिले सारं सांगतलं. माणिकले नाई सांगतलं थे तिले सांगतलं.

मी लहान होती तवा मायसंगं हिरीवर जात होती. आमी दूर उभं राहाचं. कोनाले दया आली तं थो वरून पानी सोडे. त्याच्या बादलीचा काठ आमच्या घागरीले टेकला तं थो मायले शिव्या देये, अन् बादली राखेनं घासे. प्यास लागली तं ओंजय करून खाली बसाचं. वरून धार पडे, नाकात जाये, ठसका लागे. माय म्हने, वर पाहू नको, खाली पाहून पे. आमी धम्म घेतला तवा माणिक लहान होता. त्याले हे कधी सांगतलं नाई. कायले सांगाचं? शिकून मास्तर झाला, मान वर करून पानी पेते, थेच पाहाचं होतं मले.

मंग त्यानं थे नळी लावली. मले म्हने, वरून पडू दे, टेकू देऊ नको. म्या इचारलं काहून, तं म्हने नियम हाये. थो नियम मले मालूम होता बाबू. चार हप्ते म्या पाह्यला. थे मासे वर तोंड करून राह्यले अन् वरून थेंब थेंब. माह्या घरात. मले सहन नाई झालं. नागपूरले जाच्या दिशी सकायी म्या नळी पान्यात खोल सोडली, चिमटा ढिला केला. म्हटलं, माह्या घरात आता कोनालेच वरून पानी नाई भेटनार. मंग यष्टीची येळ झाली. मटका उंचावर राह्यला तं मांजर पाडन, म्हनून खाली ठेवला. वाटलं, खाली ठेवला का पानी थांबते. वच्छलाले सांगतलं का पोटभर पानी पेऊन राह्यले, थे मी खोटं नोती बोलली. मले तसंच वाटत होतं.

घरी आली तं घरभर वल होती. तिघायले लिंबाखाली पुरलं. मंग नळी पह्यल्यासारखी वर बांधली, त्याच्या नियमानं, अन् पानी भरत राह्यली. काहून भरत राह्यली थे मले सांगता येत नाई.

हे सारं आयकून वच्छला हासली. मंग रडली. म्हने, "आत्याबाई, मासे गेले. पन तुमचं काई चुकलं नाई." अन् म्हने, "मी ओळखलं थे तुमच्या लेकाले सांगू नका. माह्यासाठी किती धडपड केली." मंग वीस दिस रोज त्या नव्या मासोळ्यायले टिकली म्हने, गबरू म्हने, माणिकले आयकू जाईन असं. आखरीच्या दिवसाआधी तिनं मले तिसरीचं नाव सांगतलं. म्या म्हटलं, मले चार वर्सापासून मालूम हाये, तू काय समजली? थे तिचं शेवटचं हासनं.

येवढंच. आता तुले येक काम सांगते. नळी पान्याले टेकली तरी मासे मरनार नाई, असं काई असन तं लिवून पाठव.

केशरबाई

उदय,

मध्ये माझा हात थांबला होता. आई म्हणाली, लिव. म्हणून लिहिलं.

शाळेत मी कारण सांगितल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. पोरांनी का विचारलं की मला आनंद होतो. माझ्या आईनं दोनदा विचारलं, आणि मी तिला नियम म्हणून सांगितलं. ती चूक माझी. वच्छलाला हे सगळं कळलं होतं, मासे बदललेलेही, आणि तरी वीस दिवस ती मला सांभाळत राहिली. आता हे कोणाला सांगू?

आईच्या प्रश्नाचं उत्तर तुला विचारायची गरज नाही, ते साधं विज्ञान आहे, मला डिसेंबरातच सुचायला हवं होतं. हे पत्र बाजूला ठेवून मी उठलो. सुई तापवून नळीला पाण्याच्या वर, टाकीच्या आतल्या अंगाला, एक बारीक भोक पाडलं. आता टोक बुडालेलं असलं आणि मटका खाली ठेवला, तरी भोकातून हवा शिरते आणि पाणी उलटं फिरत नाही. दोनदा मटका खाली ठेवून पाहिला. आईला पाटावर बसवून सगळं समजावून सांगितलं, हवा का शिरते, पाणी का थांबतं. तिनं नीट ऐकलं. मग स्वतःच्या हातानं नळी पाण्यात सोडली, आणि विचारलं, "टेकली ना?"

पत्राच्या शेवटी या दोन ओळींची जागा वच्छलाची. मी ती यापुढे कोरी सोडत जाईन.

तुझा
माणिक